वयाचं स्पॅनिश

महाडच्या बाजारात भाजी घेताना मला अजूनही विचारलं जातं, "काय ताई, तुमचं ते स्पॅनिश चालू हाय ना?" सूर असा, की जणू ते माझं जुनं दुखणं आहे आणि कुठल्याच डॉक्टरचा गुण येत नाही. मी "चालू आहे" म्हणते. भाजीवाल्या मावशी हळहळतात आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकतात.

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी ओलांडली नव्हती. वडील शिवथरच्या खोऱ्यात भातशेती करायचे. मी महाडच्या कॉलेजातून बी.ए. झाले तेव्हा पेढे वाटले गेले आणि आता शिक्षण संपलं असं सगळ्यांनी धरलं. पण पुण्याच्या मावशीनं मला बोलावून घेतलं. ती चार घरी पोळ्या करायची. मी संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं, कारण त्याची वेळ आणि फी दोन्ही जमत होतं. याहून थोर कारण नाही. पहाटे मावशी कणीक मळायला बसली की मी तिच्याशेजारी क्रियापदं घोकायचे. वर्षभरात अशी वेळ आली की मी अडले की पुढचं रूप तीच सांगायची, तेही लाटणं न थांबवता. आज माझ्या नावापुढे जे काही लागलं आहे, त्यात तिच्या पोळ्यांचा मोठा वाटा आहे, हे मला आधी लिहून टाकू दे.

लग्नानंतर महाडला परत आले आणि इथेच काम मिळालं. आमच्या एमआयडीसीतून औषधं परदेशी जातात, त्यातली बरीच दक्षिण अमेरिकेला. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो, एकदा उलगडला की पुन्हा तसा कधीच घडत नाही, तो कागद मी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करते. यंत्रांच्या सूचना, लेबलं, कधी पाहुण्यांबरोबर दुभाष्याचं काम. घराचा वरचा मजला म्हणजे माझं ऑफिस. शब्दकोशही वरच ठेवलेत. महाडमध्ये पुराच्या भीतीनं खालच्या मजल्यावर पुस्तकं कुणी ठेवत नाही.

लोकांना वाटतं, औषधांची लांबलचक नावं अवघड जात असतील. ती मुळीच अवघड नाहीत, सगळ्या भाषांत जवळजवळ तशीच असतात. मला सगळ्यात जास्त दमवलं ते वयाच्या शब्दांनी.

सुरुवात अगदी सोप्या वाक्यापासून होते. इंग्रज म्हणतो, 'मी चाळीस वर्षं म्हातारा आहे.' वीस वर्षांचा पोरगाही स्वतःला वीस वर्षं म्हातारा म्हणवतो आणि त्याला त्यात काही वाटत नाही. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'तेंगो कुआरेंता आन्योस', म्हणजे 'माझ्याजवळ चाळीस वर्षं आहेत'. जशी घरात भांडी असतात, गोठ्यात गुरं असतात, तशी त्याच्याजवळ वर्षं. आणि आपण म्हणतो, 'मला चाळीस वर्षं झाली.' आपण काही केलं नाही, जवळ काही ठेवलंही नाही, ती आपली झाली. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "जवळ असती तर दोन-चार तुला दिली असती. मला नकोत येवढी."

तर औषध. मात्रा ठरते वयावर. इंग्रजी कागदावर क्रमानं शब्द येतात: अगदी लहान बाळ, चालायला लागलेलं मूल, मोठं मूल, 'टीनएजर', प्रौढ, वृद्ध. पहिल्याच शब्दाला स्पॅनिश डॉक्टर 'लाक्तांते' म्हणतात. दूध पिणारं. मला आनंद झाला, कारण माझी आईही तसंच बोलायची: "ते अंगावरचं हाय अजून." पुढचा शब्द मात्र नडला. दुडदुडायला लागलेल्या पोराला इंग्रजीत एक नेटका शब्द आहे, स्पॅनिशमध्ये तसा नाही. 'चालायला सुरुवात केलेलं मूल' असं लांब लिहावं लागतं आणि लेबलावर जागा असते नखाएवढी. 'टीनएजर'चंही तेच. तेरापासून एकोणीसपर्यंतच्या इंग्रजी आकड्यांना एकच शेपूट असतं, त्यावरून तो शब्द पडला. स्पॅनिश आकड्यांना ते शेपूटच नाही. आणि आपण? आपण म्हणतो 'वयात आलेला'. म्हणजे त्याआधी तो वयाबाहेर होता काय? मी असे प्रश्न स्वतःला विचारत बसते आणि कारखान्यातून फोन येतो, "मॅडम, झालं का?"

सगळ्यात शेवटचा शब्द सगळ्यात अवघड. माझं लिहिलेलं तपासायला कोलंबियात एक बाई आहेत, मार्ता. आमच्या धंद्याचा नियम असा की दुसऱ्याच्या भाषेत लिहिलं की त्या भाषेत जन्मलेल्या माणसाच्या नजरेखालून ते गेलं पाहिजे. मार्ता माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, शिस्तीच्या, आणि लाल रंगानं खोडायला त्यांना मनापासून आवडतं. एका कागदावर मी 'वृद्ध रुग्ण' यासाठी 'आन्स्यानो' लिहिलं. शब्दकोशात पहिला तोच होता. त्यांनी खोडला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"तुझे वडील आहेत?"

"आहेत."

"त्यांच्या समोर बसून हा शब्द त्यांना लावशील?"

मी म्हणाले, "आमच्याकडे तर तोंडावर म्हातारा म्हणतात. माझी आई बाबांना हाक मारायची, 'म्हाताऱ्या, जेवतोस काय?'"

मार्ता खो-खो हसल्या. त्यांच्याकडेही बायका नवऱ्याला प्रेमानं म्हातारा, 'बिएहो' म्हणतात म्हणे. "पण ते स्वयंपाकघरात," त्या म्हणाल्या. "औषधाच्या कागदावर 'आदुल्तो मायोर' लिही. मोठा प्रौढ."

'मायोर' म्हणजे मोठा, वडील, थोरला. स्पेनमध्येही म्हाताऱ्या माणसांना 'मोठी माणसं' म्हणतात. मला तो शब्द फार आवडला. आन्स्यानो म्हटलं की माणूस एकटा काठी टेकून उभा दिसतो. मायोर म्हटलं की तो कुणाच्या तरी पुढे उभा असतो. थोरला कोणापेक्षा, हा प्रश्न त्यातच येतो.

कारखान्याबाहेरची गिऱ्हाइकंही येतात. एक निवृत्त मास्तर आले होते, बाजारपेठेतलेच. त्यांचा मुलगा चिलीत नोकरीला, सूनही तिकडचीच. मास्तरांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि व्याह्यांना स्पॅनिशमध्ये निमंत्रण पाठवायचं होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा सत्कार हे मी कसं सांगणार? मी लिहिलं, 'हजार चंद्रांचा सोहळा'. आठवड्याभरात व्याह्यांचं उत्तर आलं. येण्याची फार इच्छा आहे; चंद्र कुठल्या डोंगरावरून पाहायचा आणि दुर्बीण आपली आणायची की तिथे मिळेल? मास्तर कागद घेऊन माझ्याकडे धावत आले. मी पानभर खुलासा लिहिला. पुन्हा व्याह्यांचं उत्तर आलं, 'मी माझे चंद्र मोजले, अजून बरेच कमी पडतात, तेव्हा मला अजून जगलं पाहिजे.' मास्तरांनी ते उत्तर सत्काराच्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवलं. मला श्रीफळ मिळालं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला मी बसले आहे, त्याच्याकडे येते.

पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या पुढे डोंगराला चिकटून एक वाडी आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटानं शिकेकाईचं काम सुरू केलं. रानातून शेंगा आणायच्या, वाळवायच्या, निवडायच्या, दळायच्या. दळपाची एक बंद खोली, तिच्यात गिरणी. शिकेकाईची पूड अशी, की खोलीबाहेर उभं राहिलं तरी शिंका थांबत नाहीत. स्पेनमधली एक केस धुण्याचं सामान बनवणारी कंपनी ती पूड घ्यायला लागली आणि त्या एका गिऱ्हाइकावर वीस-बावीस घरांचं बरंच काही चालू लागलं. गटाच्या अध्यक्ष सुनंदाताई. दहावी झालेल्या, आवाज खणखणीत, आणि माझ्या लांबच्या नात्यातल्या. त्यामुळे तिथली दुभाषी मी.

कंपनीचे नियम इंग्रजीत आले होते, ते मीच मराठी करून बायकांना वाचून दाखवले होते. त्यातले वयाचे दोन. अठराच्या आतलं कुणी कामावर नको. आणि पासष्टच्या पुढच्या माणसाला दळपाच्या खोलीत ठेवायचं नाही, धुळीमुळे. दुसऱ्या नियमानं यशोदाबाई दळपातून निघाल्या आणि ओटीवर निवडायला बसल्या. त्या मुंबईत जन्मलेल्या, वडील तिकडे नोकरीला होते. त्यामुळे वाडीतल्या जुन्या बायकांत खरी, दवाखान्यातली जन्मतारीख फक्त त्यांचीच. "मुंबईत जन्माला येऊन हेच मिळालं," असं त्या म्हणायच्या.

नियम पाळले जातात का हे पाहायला स्पेनहून इनेस नावाची बाई आली. पन्नाशीची, साधी, सुती सदरा घातलेली. चहा तिनं बायकांच्या बरोबरीनं जमिनीवर बसून घेतला. मग म्हणाली, प्रत्येकीशी दोन शब्द बोलते. पहिलीच पुढे आली ती रेखा. रेखाला दोन मुलं आहेत, पण अंगानं इतकी बारीक, की पाठमोरी शाळकरी वाटते. इनेसनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मला विचारायला सांगितलं, तुझा वाढदिवस कधी?

"एक जून," रेखा म्हणाली.

दुसरी आली. "एक जून." इनेस हसली, म्हणाली, छान योगायोग. तिसरी आली. "एक जूनच." चौथीनं तर विचारायच्या आधीच सांगितलं. पाचवीच्या वेळी इनेसनं पेन खाली ठेवलं.

"यांना कुणी शिकवून ठेवलंय का?" तिनं मला हळूच विचारलं. "एवढ्या सगळ्या एकाच दिवशी? ही सगळी वयं खोटी असतील तर मला तसंच कळवावं लागेल. मग पुढची मागणी थांबेल."

दुभाष्यानं आपलं मत मध्ये घालायचं नसतं. तो नियम मी पुण्यात शिकले आणि इतकी वर्षं पाळला. तिचं बोलणं मी बायकांना जसंच्या तसं सांगितलं. सुनंदाताईंचा चेहरा उतरला. मग मी इनेसला म्हणाले, "मला माझ्या स्वतःच्या वतीनं दोन वाक्यं बोलायची परवानगी आहे का?"

"बोल."

"माझाही वाढदिवस एक जूनच आहे."

मला वाटलं, यानं उलगडा होईल. इनेसच्या चेहऱ्यावर मात्र असं दिसलं, की अरे, म्हणजे हीसुद्धा सामील आहे.

मग मला मुळापासून सांगावं लागलं. आमच्याकडे मूल घरी जन्मायचं, तारीख कुणी लिहायचं नाही. सहा वर्षांचं झालंसं वाटलं की बाप हाताला धरून शाळेत न्यायचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, भात झोडत होतो तेव्हाचा. गुरुजी एक जून लिहायचे, सहा वर्षं वजा करून. माझ्या आईच्या मते मी जन्मले तेव्हा खळ्यात मळणी चालली होती. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. सरकारच्या मते भर उन्हाळा.

इनेसनं लक्ष देऊन ऐकलं. ती चिडली नव्हती, तिला उलट भारी नवल वाटत होतं. "मग तुम्हाला तुमचं वय कळतं कसं?" तिनं विचारलं. मी ते मराठीत केलं.

"तारखेचं काय घिऊन बसल्यात त्या?" सुनंदाताई उसळल्या. "कोण कुणाच्या पुढं ते विचार म्हणावं. ते वाडीत कुणाला पन माहीत हाय. उठा गो सगळ्या! अंगणात या. मोठी पुढं, धाकटी मागं."

आणि बायका अंगणात रांगेत उभ्या राहायला लागल्या. हे मी इनेसला समजावत होते: आमच्यात मोठीला नावानं हाक मारत नाहीत. अक्का, वहिनी, काकू, काही ना काही लावतात. कुणी कुणाच्या पाया पडायचं, हे सणासुदीला दरवेळी ठरलेलं असतं. त्यामुळे वर्षं माहीत नसली तरी कोण थोरली, कोण धाकटी यात कुणाची चूक होत नाही.

हे बोलून होतंय तोवर रांगेच्या मधोमध भांडण लागलं. रेखा आणि तिची जाऊ संगीता.

"मी थोरली जाऊ," रेखा म्हणाली. "मी पुढं."

"घरात थोरली. जन्माला मी आधी आलेय. सर मागं."

"सगळ्या वाडीसमोर मागं सरू? आणि उद्या तू मला वहिनी म्हणशील काय?"

"म्हणीन की. आज कुठं म्हणत्ये नीट?"

सगळ्या हसायला लागल्या. इनेसला कळेना काय चाललंय. थोरल्या भावाची बायको वयानं धाकटी असली तरी नात्यानं मोठी, हे मी सांगू लागले आणि तिनं ते दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे या दोघीही एकमेकींपेक्षा मायोर आहेत?" ती म्हणाली. मी म्हणाले, हो, असंच काहीसं. शेवटी सुनंदाताईंनी निकाल दिला, आज नातं नाही, फक्त जन्म. रेखा पाय आपटत एक जागा मागे गेली.

शेपटाला उभी होती प्रतीक्षा. ती पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मलेली, तिच्या मोबाइलमध्ये जन्माचा दाखला होता. एकोणीस पूर्ण. इनेसनं तो पाहिला, मग मान वर करून रांगेकडे पाहिलं. सगळ्यात धाकटी एकोणीसची. बाकीच्या सगळ्या तिच्या पुढे. इनेसच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. अठराच्या आत कुणी नाही. एक जून असो नाहीतर एकतीस डिसेंबर. तिनं प्रतीक्षाच्या खांद्यावर थोपटलं. सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. मागणी वाचली होती.

मी त्याच समाधानात होते, म्हणून रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे माझं उशिरा लक्ष गेलं.

तिकडे सगळ्यांत पुढे यशोदाबाई उभ्या होत्या. आणि अनसूयाकाकू दळपाच्या खोलीतून नुकत्या बाहेर येत होत्या, केस, भुवया, लुगडं, सगळं पुडीनं तपकिरी झालेलं. गिरणी बसली तेव्हापासून ती खोली त्यांची. पूड किती बारीक झाली हे त्या सांगतील ते. नव्या बाया त्यांच्या हाताखाली शिकायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. कागदावर त्यांना अजून पासष्ट व्हायची होती. पण त्यांचं आणि यशोदाबाईंचं माहेर एकच, आणि त्या वाडीत शाळा निघाली तेव्हा काकू चांगल्या दहा-बारा वर्षांच्या होत्या, आणि गुरुजींना पट भरायचा होता. त्यांनी पहिलीत घालायला म्हणून सहा लिहिलं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

यशोदाबाईंनी आपल्यामागे जागा केली. अगदी सहज, जणू पाय बदलला. "ये गो," त्या म्हणाल्या. "हितं रहा. माझ्या मागं."

काकूंनी त्या जागेकडे पाहिलं. "तुझ्या मागं?"

"रहा गो येवढं. आजच्यापुरतं."

"काकू, तिथेच थांबा ना," मीही हळूच म्हणाले. दुभाष्यानं हेही म्हणायचं नसतं.

"अरे वा! मुंबैहून आणली तवा हिला चालाय येत नव्हतं. सगळं गाव माझ्या काखंत बघितलं हिनं. आन आता मी हिच्या मागं?" काकू पुढे आल्या, यशोदाबाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि पदर खोचला. मागे वळून बघितलंही नाही.

इनेसचं काम डोळ्यांनी बघायचंच होतं. यशोदाबाईंची पासष्ट ओलांडलेली तारीख तिच्याकडे होती, आणि काकू त्यांच्याही पुढे उभ्या होत्या. ती चालत पुढे आली. काकूंच्या केसांतली पूड तिनं पाहिली. मग मला म्हणाली, "या बाईंना विचार, त्या कुठल्या खोलीत काम करतात?"

काही प्रश्न असे असतात, की उत्तर दोघांनाही माहीत असतं आणि तरी ते भाषांतर करावं लागतं. मी हा प्रश्न वाकवू शकले असते. 'आज कुठे काम केलंत' असं काही. मी वाकवला नाही. आजही मला नक्की सांगता येत नाही की ते बरं केलं की नाही.

"सांग तिला," काकू म्हणाल्या, "दळपाच्या खोलीत. गिरणी आली तवापास्नं. आन कोन आजारी पडलं नाय आमच्यात."

मी सगळं सांगितलं, आजारी पडलं नाही हेसुद्धा. इनेस काकूंकडे वळली. तिनं काकूंना विचारलं, खोकला होतो का? काकू म्हणाल्या, "शिकेकाईनं कुणाला होत नाय?" तेही मी सांगितलं. मग ती मला म्हणाली, "मला हे लिहावं लागेल. शेवटी त्यांच्याच छातीसाठी आहे." ती वाईट बाई नव्हती. तिचं बरोबरही होतं. लिहिताना ती एका शब्दाशी अडली आणि मला विचारलं, "काय लिहू? आन्स्याना?"

"नाही," मी म्हणाले. "ला मायोर लिहा. या सगळ्यांत थोरल्या."

तिनं तसं लिहिलं. आणि मग कागद बाजूला ठेवून ती काकूंसमोर वाकली आणि पाया पडली, जसं तिनं नुकतंच माझ्याकडून ऐकलं होतं. काकू दचकल्या. "आगं, आगं, उठ," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि इनेसच्या केसांत शिकेकाई गेली ती गेली.

मागणी चालू राहिली. दुसऱ्या दिवसापासून अनसूयाकाकू ओटीवर निवडायला बसल्या.

त्यानंतर मी तिकडे गेले ते दसऱ्याच्या आसपास, नव्या लेबलांचं विचारायला. ओटीवर दोघी शेजारी-शेजारी बसल्या होत्या, सुपं पुढ्यात. काकूंचे केस पांढरेशुभ्र होते. मला ते आधी माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी ते पुडीशिवाय पाहिलेच नव्हते.

"काकू, राग आहे का माझ्यावर?" मी विचारलं.

"राग कसला बाय? तू तिकडचं हिकडं केलंस. ते तुझं कामच हाय."

"पण एक पाऊल मागे राहिला असतात तर..."

"तर?" त्यांनी सुपातली एक किडकी शेंग उचलून अंगणात भिरकावली. "आज मागं राहिले असते, तर उद्या हिनं मला अक्का कसं म्हटलं असतं? नावानं हाक मारली असती हिनं, अनसूये म्हणून."

"नाय मारली असती गो," यशोदाबाई म्हणाल्या.

"तुझा काय भरवसा? मुंबैची तू."

आतून गिरणी सुरू झाली. काकूंचे हात थांबले. त्या ऐकत होत्या. थोड्या वेळानं उठल्या, गुडघ्यावर हात टेकत दळपाच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. पाऊल आत टाकलं नाही. नुसता हात आत केला, तळवा वर करून. आतून संगीता आली, तिनं चिमूटभर पूड त्या तळव्यावर ठेवली आणि वाट पाहत उभी राहिली. काकूंनी ती दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"भरड हाय," त्या म्हणाल्या. "अजून एकदा काढ."

संगीता "व्हय काकू" म्हणाली आणि आत गेली.